सोड्याच्या पाण्यातून काढलेलं वस्त्र

आमच्या घराला गावात एकच मान होता. दसऱ्याला देवाच्या तरंगाला सगळ्यात वरचं वस्त्र आमच्या घरचं चढायचं. तरंग म्हणजे काय ते पणजी-वास्कोकडच्या माणसाला सांगायला गेलं तर तो तोंडाकडे बघत राहतो, म्हणून सांगूनच टाकते. माणसाहून उंच लाकडी खांब, टोकाला देवाची खूण, आणि खांबाभोवती चुण्या घालून नेसवलेली सुती वस्त्रं, एकावर एक. दसऱ्याला अंगात आलेले मानकरी तो खांब घेऊन गरगर फिरतात आणि चुण्या फुगून येतात. आमच्या पेडण्याच्या बाजूला आणि पलीकडे सिंधुदुर्गात हे आहे. बाकी आमच्याकडे होतं काय? कातळावरची काजूची झाडं आणि कौलं गळणारं घर. पण दसऱ्याच्या सकाळी गावकार, म्हणजे गावचा मुख्य मानकरी, सगळ्या गावासमोर हाक मारायचा आणि माझे बाबा डोक्यावर वस्त्र घेऊन पुढे जायचे. त्या एका सकाळच्या जोरावर ते वर्षभर छाती काढून चालायचे.

अट एकच होती. वस्त्र कोरं पाहिजे. कोरं म्हणजे पाण्याला न लागलेलं. धुतलेलं कापड माणसाचं, कोरं कापड देवाचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यात वाद नाही, चर्चा नाही.

बाबा माझ्या लहानपणी मुंबईला गिरणीत होते. कापड विणायच्या खात्यात नव्हेत, विणलेल्या कापडाला चकाकी आणायच्या खात्यात. तिथं मागावरून उतरलेलं सुती कापड चिमट्यांत ताणून धरतात, कॉस्टिक सोड्याच्या थंड, कडक पाण्यातून काढतात, आणि ताण न सोडता धुतात. त्यानं चपटा धागा फुगून गोल होतो, कापड दणकट होतं, रंग चांगला धरतं आणि चकाकायला लागतं. त्याला मर्सराइज करणं म्हणतात. ताण मध्येच सुटला तर कापड आटतं, आणि चकाकी तर येतच नाही. हे सगळं मला पाढ्यांसारखं पाठ, कारण बाबा सुट्टीवर आले की दुसरं बोलायचेच नाहीत. हातांच्या कोपरांपर्यंत सोड्याचे पांढरे डाग होते, ते लोकांना मेडलं दाखवावीत तसे दाखवायचे. आई म्हणायची, "पुरे आता. त्या सोड्यान हात खाल्ल्यान, आता आमची डोकी खाव नकात."

दरवर्षी गणपतीला येताना ते गिरणीतूनच दसऱ्याचं वस्त्र घेऊन यायचे. पांढरंशुभ्र, खळीनं कडक, आणि अशी झळक की म्हातारी माणसं देवळात ते हातात घेऊन उन्हाकडे धरायची. "मुंबयचां वस्त्र," म्हणायची. कोरं करकरीत! आता ते कापड गावात पोचायच्या आधी किती पाण्यांतून जाऊन आलं होतं हे गावाला कळायचं कारण नव्हतं. कडक आहे, चकाकतंय, घडी मोडलेली नाही, म्हणजे कोरं. पण बाबांना? ते तर स्वतःच्या हातानं कापड सोड्यात घालत होते. तरी त्यांच्याही डोक्यात कधी आलं नाही. गिरणीतलं पाणी हे त्यांच्या लेखी पाणी नव्हतंच, ते काम होतं. मला पुढे कितीदा वाटलं, एवढा बडबड्या माणूस, त्यानं एकदा तरी देवळात बसून आपलं काम कसं चालतं ते सविस्तर सांगायचं होतं. म्हणजे पुढचं सगळं टळलं असतं.

मग गिरण्यांचा संप झाला आणि बाबा घरी आले ते कायमचेच. पहिले काही दसरे त्यांनी जपून ठेवलेल्या कापडावर निभावले. ते संपलं तेव्हा त्यांनी सावंतवाडीकडून साधं हातमागाचं वस्त्र आणलं. चांगलं होतं, पण मळकट पांढरं, निस्तेज. कुणी वाईट बोललं नाही. फक्त एक म्हातारा म्हणाला, "औंदा देवाचां तोंड उतारल्यावरी दिसता मरे." झालं. बाबा घरी येऊन जेवले नाहीत.

तो काळही तसलाच होता. गोवा राज्य झालं होतं, भाषेवरून डोकी फुटायची बाकी होती. काही ठिकाणी तीही फुटली. कोंकणी की मराठी, ह्यावरून सोयरिकी मोडल्या, एकाच वाड्यातली माणसं एकमेकांच्या विहिरीवर पाण्याला जाईनात. आमच्या घरी बोलायचं एक आणि वाचायचं एक, पिढ्यान् पिढ्या तसंच, आणि त्यात काही चुकतंय असं कधी कुणाला वाटलं नव्हतं. आता अचानक जो तो दुसऱ्याला विचारायला लागला, तू खरा इथला का? बाबांनी तर अर्धा जन्म मुंबईत काढलेला. "मुंबयकार" हा शब्द आधी कौतुकानं म्हणायचे, तोच आता खडा मारल्यासारखा मारायला लागले.

खडे मारण्यात पुढे होता एक दुकानदार. घर आमच्या गावात, कापडाचं दुकान पेडण्याच्या बाजारात. त्याला त्या मानाची हाव होती आणि ती तो लपवतही नसे. "वस्त्राचो मान ज्याच्याकडे वस्त्र आसा तेका," असं चहाच्या गाड्यावर बसून बोलायचा. मी तेव्हा म्हापशाला कॉलेजात जात होते, त्याच गाड्यासमोर बसची वाट बघत. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

राज्य झालं त्या वर्षी बाबांनी ठरवलं की वस्त्र आपणच चकाकवायचं. घरी. खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात. आई कपाळावर हात मारून बसली. पण बाबांना कितीतरी दिवसांनी काम मिळालं होतं, ते कुठे ऐकतात! कॉस्टिक सोडा म्हापशाच्या बाजारातून आणला. खोबरेल तेलाचा साबण करायला लोक घेतात तोच. कातळावर काजूचा रस भरायचं निळं पिंप घासून घेतलं. सोडा विरघळवायला आईनं भाबडेपणानं जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा टोप आणून दिला, बाबा पाणी आणायला वळले होते तेवढ्यात मी त्यात सोडा ओतला, आणि तो टोप जो फसफसून काळा पडला! बाबा ओरडले, आई माझ्यावर ओरडली, मी दोघांवर. टोपाच्या बुडाला पुढे भोक पडलं आणि आई त्याचं नाव आजन्म काढत राहिली.

हातमागाचं वस्त्र त्यांनी आधी उकळून, त्यातली खळ काढून घेतलं. मग खळ्यात चार खुंट पुरले, बांबू बांधले, आणि किनारीला ओळीनं दोऱ्या ओवून वस्त्र चारी बाजूंनी ताणलं, पापड वाळत घालायच्या खाटेसारखं. हाताला प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळून ते वाटीवाटीनं सोड्याचं पाणी त्यावर ओतत गेले. कापड आकसायला लागलं तसे बांबू वाकले, दोऱ्या करकरल्या. "सोडू नकात, ओडा!" ते मला आणि आईला ओरडायचे, आणि आम्ही दोघी पाय रोवून दोरी ओढत होतो. मग त्याच ताणावर गरम पाणी, बाल्दीवर बाल्दी. शेवटी सोडा मारायला आंबट काहीतरी हवं होतं. बाबा म्हणाले, पाववाल्याकडून विनागर, माडाच्या ताडीचं व्हिनेगर, आणतो. आई कडाडली, "सुरेचो विनागर देवाच्या वस्त्राक? लाज नाय?" मग परसातल्या झाडाची आंबट फळं, बिंबलं, वाटून त्यांच्या रसानं काम भागवलं.

वाळल्यावर आईनं पेजेची खळ घातली, बाबांनी तांब्यात निखारे घालून इस्त्री फिरवली. आणि काय सांगू! शहाळ्याच्या आतल्या बाजूला असते ना, तशी मऊ झळक त्या कापडाला आली होती. आई सकाळपासून धुसफुसत होती, तीही हात पुसून जवळ आली आणि बोटानं किनार चाचपून बघायला लागली. बाबा पुन्हा पुन्हा कापड उन्हाकडे धरून बघत होते. मी त्यांना इतकं खूश आधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही.

पण हे सगळं उघड्या खळ्यात झालं होतं. वरच्या घरातली काकी कुंपणाशी उभी राहून बघून गेली होती. जाताना एवढंच म्हणाली, "देवाचां वस्त्र धुयतात काय ओ?" बाबा हसले. "धुयनंय गो, मर्सराइज करतंय." ती मान हलवून गेली. तिला त्यातला "धुयनंय", म्हणजे धूत नाही, एवढा शब्द सोडून काही कळलं नसणार, आणि तोही तिनं आपल्याला हवा तसा फिरवला असणार. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, मुंबयकारानं देवाचं वस्त्र खळ्यात धुणं घातल्यासारखं धुतलं.

नवरात्रात एके दिवशी वस्त्रं देवळात आणून दाखवायची रीत आहे. बाबांनी आपलं वस्त्र उलगडलं. सगळे पुढे वाकून बघायला लागले, ते बघून मला वाटलं जिंकलो. मग गावकारानं विचारलं, "ह्यां पाण्यात घातलेलां काय?" गावकार वाईट माणूस नव्हता. त्याला नाही म्हटलेलं ऐकायचं होतं, त्याच्या तोंडावरच दिसत होतं. बाबांनी त्याला सोड्याचं, ताणाचं, धाग्याचं सांगायला सुरुवात केली. गावकार म्हणाला, "तां सगळां खरां. पण पाण्यात घातलेलां काय नाय?"

"घातलेलां," बाबा म्हणाले.

मग दुकानदारानं आपली पिशवी उघडली. पांढरं वस्त्र, कडक, चकचकीत, कोरं करकरीत. तयारीनंच आला होता मेला. गावकारानं सांगितलं, दसऱ्याच्या सकाळी ठरवू. म्हणजे ठरल्यातच जमा होतं. दुकानदाराचं वस्त्र हातोहात फिरत बाबांपर्यंत आलं. त्यांनी अंगठ्यानं त्याची किनार चोळून बघितली आणि ते पुढे दिलं.

घरी आल्यावर ते ओट्यावर बसले आणि हसायला लागले. मला भीती वाटली. म्हणाले, "आमच्याच खात्यातसून गेलेलां आसतलां तां. नायतर दुसऱ्या खंयच्या गिरणीच्या. सोडो पिलेलां कापड माका कळता गो, काळोखातय कळता."

मी ताडकन उठले. म्हणजे त्याचंही धुतलेलंच! मग सांगा ना! आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा, की बाजारातलं कुठलंही चकाकणारं सुती वस्त्र आणा, ते सोड्यातून आणि पाण्यातून काढलेलंच असतं, कोरं काही नसतं. एका वाक्यात दुकानदाराचं तोंड बंद होईल.

बाबांनी हसणं थांबवलं. म्हणाले, "आनी इतकी वर्सां मी हाडलंय तां?"

मी म्हटलं, तेही.

"माज्या हातान सोड्यात घातलेलां. तां देवार चडलां. म्हाताऱ्यांनी तेका हात लावन डोळ्यांक लायल्यानी. आता तेंका सांगू, की देव इतकी वर्सां धुतलेलां नेसलो?" ते उठून आत गेले. आईनं मला डोळ्यांनी दटावलं, आता पुरे. पण मला कसलं पुरे? मला तर हे सरळसरळ दिसत होतं. एकीकडे आमचा मान, आमच्याकडे उरलेली एकमेव गोष्ट, आणि एकीकडे एक खरं वाक्य, जे बोलायला आमचा माणूस घाबरत होता. दुसऱ्याचं झाकायला हा आपलं उघडं पाडून घेणार! मी त्यांना भित्रा म्हटलं. तोंडावर म्हटलं.

दसऱ्याच्या सकाळी देवळासमोर अख्खा गाव होता. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, तरंग मधोमध, अजून वरच्या वस्त्राविना. गावकारानं हाक मारली ती दुकानदाराला. तो डोक्यावर वस्त्र घेऊन उठला. बाबा देवळाच्या खांबाला टेकून उभे होते, त्यांचे हात रिकामे होते, आणि ते हात कुठे ठेवायचे हे त्यांना कळत नव्हतं. ते मी बघितलं आणि माझा बांध फुटला. मी बायकांतून उठले आणि बोलले. मोठ्यानं बोलले. की त्या वस्त्रालाही पाणी लागलंय. की चकाकतं ते सगळंच सोड्याच्या पाण्यातून काढलेलं असतं, गिरणीत ते कामच माझ्या वडलांनी केलंय, त्यांना विचारा. धुतलेलं चालत नसेल तर दोन्ही परत करा, आणि चालत असेल तर मान ज्याचा आहे त्याला द्या.

बायकांनी माझा पदर ओढला, मी झटकला. दुकानदार जागच्या जागी थांबला. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, ते सुख मी नाकारत नाही. सगळीकडे कुजबुज उठली. एक म्हातारी आपल्या हातांकडे बघायला लागली. गावकारानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि बाबांना म्हणाला, "तू जाणकार. तरंगाक हात लावन सांग. तुजां चेडू म्हणता तां खरां?"

मला वाटलं, आता. आता तरी बोलतील. त्यांना दुसऱ्या कुणाच्या तोंडानं सुरुवात हवी होती, ती मी करून दिली होती.

बाबा पुढे गेले. त्यांनी तरंगाच्या लाकडावर हात ठेवला, तो डागाळलेला हात. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "खोटां. गिरणीतलां कापड कोरांच आसता. तेका काय कळता? कॉलेजात शिकता म्हणून तोंड सुटलां. राग मानून घेव नकात."

गाव हसला. मोठ्यानं नाही, सुटल्यासारखा हसला. सगळ्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलं आणि ते सगळं माझ्या डोक्यावर आलं. दुकानदारानं वस्त्र चढवलं. ढोल सुरू झाले, तरंग फिरायला लागला, चुण्या फुगल्या, ते वस्त्र उन्हात काय चकाकत होतं! बाबांनी त्याला हात जोडले. माझ्या शेजारची बाई जरा सरकून बसली.

घरी परतताना कातळावरून वाट होती. आई बरीच पुढे निघून गेली होती. मी बाबांना गाठलं. मी रडत नव्हते, उगाच सांगणार नाही. म्हटलं, "देवाक हात लावन खोटां बोललात."

"देवाक म्हायत आसा," ते म्हणाले. "तेका फशिवलंय खंय? गावाक नाय कळाक व्हयां."

"आनी आमचो मान?"

"गेलो. जावंदे. आमी दिलेली वस्त्रां तरी कोरी रवली."

इथवर मला समजलं असतं. खरंच सांगते, राग धरूनही समजलं असतं. गिरणीनं त्यांना काढून टाकलं, पण ती वस्त्रं तेवढी त्यांची म्हणून उरली होती, आणि ती धुतलेली ठरू नयेत म्हणून माणूस एवढं करील, हे मला आज माझ्या वयात कळतंसुद्धा. पण मी तेव्हा पुढचं विचारलं. म्हटलं, "आनी माजां काय? सगळ्या गावात माका खोटारडी केलात, तेचां काय?"

ते थांबले. त्यांनी खरोखर विचार केला, कपाळाला आठ्या घालून. मला वाटतं तोवर त्यांच्या मनात ते आलंच नव्हतं.

"तुजां काय गो?" ते म्हणाले. "तू लग्न करून जातली."

आणि मी गेले. डिचोलीला दिलं मला, खाणीवर नोकरी असलेल्या माणसाला, चांगल्या माणसाला. दर दसऱ्याला माहेराहून बोलावणं यायचं, मी दरवर्षी काहीतरी कारण कळवायचे. मुलाला ताप, सासूचा पाय, बस नाही. बाबा मरेपर्यंत एकाही दसऱ्याला मी गेले नाही, आणि का येत नाहीस, असं त्यांनी मला कधी विचारलं नाही.